डबीवरचे दावे आणि डबीतला ऐवज: एडीएचडी असलेल्या मुलांसाठीच्या एका सप्लिमेंटचे परीक्षण

परीक्षणासाठी घेतलेले उत्पादन म्हणजे लहान मुलांच्या ‘एकाग्रते’साठी विकल्या जाणाऱ्या, चघळून खायच्या गमीजची एक डबी. डबीच्या दर्शनी भागावर ओमेगा-३, झिंक, लोह, मॅग्नेशियम आणि ‘निवडक वनस्पतींचे खास मिश्रण’ यांची नावे ठळक अक्षरांत आहेत, त्याखाली ‘अभ्यासात लक्ष, मनाला स्थैर्य’ असे आश्वासन आहे आणि आश्वासनाच्या शेवटी एक बारीकशी चांदणी आहे. या चांदणीचा खुलासा डबीच्या तळाशी, भिंग घेऊन वाचावा लागेल अशा टाइपात सापडतो: हे उत्पादन कोणत्याही आजाराचे निदान, उपचार किंवा प्रतिबंध यांसाठी नाही. जाहिरातीत मात्र एडीएचडीचे, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांच्या विकाराचे, नाव पुन्हा पुन्हा येते आणि ‘औषधांना नैसर्गिक पर्याय’ हे शब्दही येतात. वर उपचाराचा आभास आणि खाली उपचार नसल्याची कबुली, अशा दोन्ही गोष्टी एकाच डबीवर नांदतात. त्यामुळे परीक्षण करताना दर्शनी भाग बाजूला ठेवून मागच्या बाजूच्या तक्त्यापासून सुरुवात करणे मला योग्य वाटले. उत्पादनाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच साच्यातली अनेक उत्पादने बाजारात आहेत आणि पुढे जे लिहिले आहे ते थोड्याफार फरकाने त्या सर्वांना लागू पडते.

आमच्या मुलाला एडीएचडी असल्याचे निदान रीतसर झालेले आहे. लक्ष न टिकणे, अतिचंचलता आणि उतावीळपणा ही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात, हा निकष लावूनच ते निदान झाले. डबी आधी बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवली आणि चालू असलेले औषध न थांबवता, त्यांच्या संमतीनेच ती वापरली. हे सांगणे आवश्यक आहे, कारण ‘पर्याय’ या शब्दाला भुलून परस्पर औषध बंद करणारे पालक असतात आणि अशा वेळी गमी मुलाला काय देते यापेक्षा ती त्याच्यापासून काय हिरावून घेते, हा प्रश्न अधिक गंभीर होतो.

कोणत्याही पूरक घटकाचा गुण जोखायचा तर आधी हाताशी एक माप हवे. एडीएचडीवरील औषधांच्या १३३ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास २०१८ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात मुलांमध्ये मेथिलफेनिडेटचा परिणाम, डॉक्टरांनी केलेल्या नोंदींनुसार, ०.७८ इतका आणि अँफेटामीन गटातील औषधांचा १.०२ इतका आढळला. हे आकडे म्हणजे औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांतील प्रमाणित फरक; ढोबळमानाने ०.२ हा परिणाम किरकोळ, ०.५ मध्यम आणि ०.८ मोठा समजतात. या औषधांनी भूक मंदावते, काही मुलांची झोप बिघडते, हेही तितकेच खरे आहे आणि पालक सप्लिमेंटकडे वळतात ते बहुतेकदा याच कारणाने. त्यांची काळजी रास्त आहे. तिच्यावर उभा राहिलेला माल मात्र तपासून घ्यावा लागतो.

आता मागचा तक्ता. दिवसाचा डोस दोन गमीजचा आहे. त्यात ‘मासळीचे तेल ३०० मिलिग्रॅम’ असे ठळकपणे लिहिलेले आहे आणि त्याखालच्या ओळीत त्या तेलातील ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ मेदाम्ले अनुक्रमे ५४ आणि ३६ मिलिग्रॅम असल्याचे नमूद केले आहे. मासळीचे साधे तेल बहुधा याच प्रमाणात येते: शंभरात सुमारे अठरा भाग ईपीए, बारा भाग डीएचए आणि उरलेले सत्तर भाग इतर मेदाम्ले. खरेदी करणाऱ्याची नजर ३०० या आकड्यावर ठरते आणि कामाचे असतात ते त्यातले ९०. बाटली कुठल्याही कंपनीची असो, ‘मासळीचे तेल’ या ओळीकडे दुर्लक्ष करून ईपीए आणि डीएचए यांच्या ओळी वाचाव्यात, एवढे एक पथ्य पाळले तरी निम्मी फसगत टळते.

या ५४ मिलिग्रॅमचे मोल कळायचे असेल, तर चाचण्यांत मुलांना किती दिले गेले ते पाहावे लागते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, १० चाचण्या आणि ६९९ मुलांच्या एकत्रित विश्लेषणात ओमेगा-३ चा परिणाम ०.३१ इतका, म्हणजे लहान पण नोंद घेण्याजोगा आढळला आणि ईपीएचे प्रमाण जितके जास्त तितका परिणाम अधिक, असा कलही दिसला. तैवानमध्ये ६ ते १८ वर्षे वयाच्या ९२ मुलांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तर ईपीएचा रोजचा डोस १.२ ग्रॅम होता आणि तो १२ आठवडे दिला गेला. आपल्या डबीतून तेवढे ईपीए मिळवायचे म्हटले तर मुलाला दिवसाला ४४ गमीज खाव्या लागतील. तेवढे नको, निदान ५०० मिलिग्रॅम मिळावे असे ठरवले तरी हिशोब १८-१९ गमीजवर जातो. दोन गमीजमध्ये ४ ग्रॅम साखर आहे. म्हणजे एकाग्रतेच्या नावाखाली रोज सुमारे ३७ ग्रॅम साखर पोटात जाईल. याहून मोठी अडचण झिंकची आहे. दोन गमीजमध्ये ते ३ मिलिग्रॅम आहे आणि वरच्या हिशोबाने ते जवळजवळ २८ मिलिग्रॅमवर पोहोचते. अमेरिकेतील पोषणविषयक निकषांनुसार ४ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी झिंकची वरची सुरक्षित मर्यादा दिवसाला १२ मिलिग्रॅम आणि ९ ते १३ वर्षांच्या मुलांसाठी २३ मिलिग्रॅम आहे. झिंक दीर्घकाळ जास्त गेले की शरीरातील तांबे कमी होते. थोडक्यात, ज्या घटकाचा डोस वाढवल्याने कदाचित काही हाती लागले असते, तो वाढवता येऊ नये अशीच या उत्पादनाची घडण आहे, कारण प्रत्येक घटक दुसऱ्याच्या पायात पाय अडकवून बसलेला आहे. ‘सर्व काही एकाच गमीत’ हा जाहिरातीतला गुण प्रत्यक्षात उत्पादनाचा सर्वांत मोठा दोष ठरतो.

डोस पुरेसा असता तरी काय झाले असते? इथे आशावादाला आवर घालावा लागतो. २०११ मधला तो ०.३१ चा आकडा पुढच्या वर्षांत टिकला नाही. २०१३ साली आहारविषयक आणि मानसशास्त्रीय उपचारांचा एक काटेकोर आढावा ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकियाट्री’त आला. मूल कोणत्या गटात आहे हे नोंद करणाऱ्याला बहुधा ठाऊक नव्हते, केवळ अशाच नोंदी त्यात वेगळ्या काढल्या, तेव्हा मेदाम्लांचा परिणाम ०.१६ उरला. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात ३७ चाचण्या आणि २,३७४ हून अधिक मुले होती. पालकांनी नोंदवलेल्या एकूण लक्षणांत सप्लिमेंट आणि प्लासिबो (औषधी घटक नसलेली, पण तशीच दिसणारी गोळी) यांच्यात फरक नाही, असा निष्कर्ष त्यात भरवशाच्या पुराव्यासह मांडला आहे. काही मोजक्या लहान चाचण्यांत सुधारणा झालेल्या मुलांचे प्रमाण जास्त दिसले खरे, पण त्या पुराव्याची खात्री आढावाकारांनीच कमी मानली. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची २०१८ ची मार्गदर्शक सूचना तर स्पष्ट आहे: मुलांमधील एडीएचडीच्या उपचारासाठी मेदाम्लांची सप्लिमेंट सुचवू नयेत, देऊही नयेत.

तरीही तैवानच्या चाचणीतली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तिथे सुरुवातीला ज्या मुलांच्या रक्तात ईपीए कमी होते, त्यांच्या लक्ष टिकवण्याच्या कसोटीत सुधारणा दिसली. ज्यांच्या रक्तात ते आधीच पुरेसे होते त्यांना असा लाभ झाला नाही. एका लहान चाचणीवरून घराघरांत तेल वाटत सुटण्याचे कारण नाही. पण ‘एडीएचडीला ओमेगा-३ चालते का’ या प्रश्नापेक्षा ‘या मुलाच्या शरीरात कशाची कमतरता आहे’ हा प्रश्न अधिक फलदायी आहे, हे त्यातून सूचित होते. लोहाच्या बाबतीत तर ते अधिकच लख्खपणे दिसते.

मेंदूत डोपामीन हे संदेशवाहक रसायन तयार होण्याच्या साखळीतली एक मोक्याची पायरी टायरोसिन हायड्रॉक्सिलेज या विकराच्या (एन्झाइमच्या) हाती असते आणि त्या विकराला काम करण्यासाठी लोह लागते. एडीएचडीवरची प्रमुख औषधे डोपामीनच्याच व्यवहारात हस्तक्षेप करतात, हे लक्षात घेतले की लोहाकडे संशोधकांचे लक्ष का गेले ते समजते. फ्रान्समधील एका गटाने २००४ साली एडीएचडी असलेल्या ५३ आणि नसलेल्या २७ मुलांचे फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहसाठ्याचा निर्देशक, तपासले. एडीएचडी असलेल्यांपैकी ८४ टक्के मुलांचे फेरिटिन मिलिलिटरमागे ३० नॅनोग्रॅमपेक्षा कमी भरले. इतरांमध्ये हेच प्रमाण १८ टक्के होते. त्याच गटाने २००८ साली फेरिटिन कमी असलेल्या, पण रक्तक्षय नसलेल्या २३ मुलांवर रोज ८० मिलिग्रॅम फेरस सल्फेटची १२ आठवड्यांची चाचणी घेतली. एका मापनश्रेणीवर स्पष्ट सुधारणा आढळली, दुसऱ्या श्रेणीवर कल त्याच दिशेचा होता पण तो संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. तेवीस मुलांची चाचणी म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, आणि ८४ टक्के हा आकडा सगळीकडे जसाच्या तसा आढळेल असे मी तरी गृहीत धरणार नाही. पण एक व्यवहार्य गोष्ट यातून हाती लागते: हिमोग्लोबिन व्यवस्थित असूनही लोहाचा साठा उतरलेला असू शकतो, म्हणून नुसत्या हिमोग्लोबिनवर समाधान न मानता फेरिटिन पाहावे. मुलाला ताप किंवा संसर्ग असताना फेरिटिन खोटे वर चढते, तेव्हा तपासणी मूल बरे असताना करावी. आमच्या डॉक्टरांनी ती करायला सांगितली. अहवालात साठा पुरेसा निघाला आणि ‘मग लोह कशासाठी द्यायचे?’ एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर डबीवर कुठेही नाही.

डबीत लोह आहे दोन मिलिग्रॅम. ज्याला खरोखर कमतरता आहे त्याला ते पुरणार नाही आणि ज्याला नाही त्याला ते नको आहे. शिवाय लोह ही खेळण्याची वस्तू नाही. लोहाच्या गोळ्या मोठ्या संख्येने गिळल्याने लहान मुलांना विषबाधा होते आणि ती प्राणघातक ठरू शकते. आपल्या दोन मिलिग्रॅमच्या गमीज त्या मानाने सौम्य आहेत, पण त्या चवीला आणि दिसायला हुबेहूब गोळ्या-चॉकलेटांसारख्या आहेत, झाकण लहान मुलालाही सहज उघडते आणि हे मूल उतावीळ असल्यामुळेच ही डबी घरात आलेली आहे, याचा विचार उत्पादकाने केलेला दिसत नाही. आमच्याकडे दुसऱ्याच दिवशी ‘अजून एक दे ना’ सुरू झाले आणि डबी औषधांच्या कपाटात कुलपाआड गेली. सुरक्षित झाकण नसणे हा दोष मी चवीच्या किंवा किमतीच्या कितीतरी वर मोजतो.

झिंकबद्दलचा पुरावा चाचणी कुठे झाली त्यानुसार बदलतो. तुर्कस्तानात २००४ साली ४०० मुलांवर झालेल्या चाचणीत झिंक सल्फेटने अतिचंचलता आणि उतावीळपणा यांत सुधारणा दाखवली, लक्षाच्या बाबतीत मात्र नाही. अमेरिकेत २०११ साली ५२ मुलांवर झालेल्या चाचणीत १५ मिलिग्रॅम झिंक प्लासिबोपेक्षा सरस ठरले नाही. आहारातून झिंक कमी मिळणाऱ्या मुलांना ते दिल्याने फरक पडावा आणि पोटभर मिळणाऱ्यांना पडू नये, ही शक्यता इथेही तर्काला धरून आहे. मॅग्नेशियम आणि बी-६ यांच्या बाजूने जे सांगितले जाते त्यातले बरेचसे प्लासिबो-गट नसलेल्या अभ्यासांतून आलेले आहे, म्हणून त्यावर फार वेळ घालवत नाही. दोन गमीजमधले १५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम तर रोजच्या गरजेच्या मानाने नगण्य आहे.

‘जीवनसत्त्वच आहे, जास्त झाले तर काय बिघडणार’ या समजुतीला मात्र इतिहासात चांगले उत्तर आहे. १९८४ साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात ४१ मुलांवरील, जीवनसत्त्वांच्या अतिमोठ्या डोसांची चाचणी प्रसिद्ध झाली. लाभ तर सिद्ध झालाच नाही, उलट जीवनसत्त्वे चालू असताना सुमारे २५ टक्के मुलांचे वर्तन अधिक बिघडले आणि ४२ टक्के मुलांच्या रक्तात यकृताची विकरे कधी ना कधी वाढलेली आढळली. बी-६ चे मोठे डोस दीर्घकाळ घेतल्यास हातापायांच्या संवेदना बधिर होतात, हेही वैद्यकाला परिचित आहे.

अलीकडे सूक्ष्म पोषकद्रव्यांच्या विस्तृत मिश्रणांवर जे काम झाले आहे ते अधिक गांभीर्याने घ्यावे असे आहे आणि या डबीचा उत्पादक त्याच कामाचा मोघम दाखला देतो, म्हणून त्याचा तपशील पाहू. न्यूझीलंडमध्ये ७ ते १२ वर्षांच्या ९३ मुलांवर १० आठवड्यांची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ साली आले. डॉक्टरांच्या एकंदर मतानुसार मिश्रण घेणाऱ्यांपैकी ४७ टक्के मुले सुधारली, प्लासिबोवरची २८ टक्के. अमेरिका आणि कॅनडात १३५ मुलांवर झालेल्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ८ आठवड्यांच्या चाचणीत हेच प्रमाण ५४ आणि १८ टक्के होते. आकडे डोळ्यांत भरणारे आहेत. पण दोन्ही चाचण्यांत पालकांनी भरलेल्या लक्षणांच्या श्रेणीवर दोन गटांत फरक निघाला नाही, म्हणजे सुधारणा डॉक्टरांच्या एकत्रित अंदाजात दिसली आणि घरातल्या नोंदीत हरवली. रागाचा भडका आणि भावनिक अस्थिरता यांत काही मुलांना उपयोग होत असावा, अशी माझी वाचनानंतरची समजूत आहे. एडीएचडीच्या गाभ्यातील लक्षणांबद्दल तसे म्हणवत नाही. शिवाय दुसऱ्या चाचणीतील मुले दिवसाला ९ ते १२ कॅप्सूल घेत होती. त्या चाचणीचा दाखला दोन गमीजच्या जाहिरातीला जोडणे हा सरळसरळ अप्रामाणिकपणा आहे.

राहता राहिले ते ‘खास मिश्रण’. ब्राह्मी आणि जिन्को मिळून २०० मिलिग्रॅम, इतकेच तक्त्यात आहे. कोणते किती, पानांची भुकटी की अर्क, अर्क असल्यास किती तीव्रतेचा, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नाही. कंपनीला लिहून विचारले तेव्हा ‘आमचे सूत्र गोपनीय आहे’ असे विनम्र उत्तर आले. मुलाच्या पोटात काय जाते हे त्याच्या डॉक्टरांनाही कळू नये, या अटीवर विकल्या जाणाऱ्या वस्तूला गुण देणे मला शक्य नाही. या वनस्पतींविषयी जे ज्ञात आहे ते असे: २०१० साली ५० मुलांवर झालेल्या तुलनेत जिन्को मेथिलफेनिडेटच्या मागे पडले, ब्राह्मीच्या अर्काच्या १४ आठवड्यांच्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्तनाच्या लक्षणांत प्लासिबोहून वेगळा परिणाम आढळला नाही. या उत्पादनात नसलेल्या, पण अशा मिश्रणांत कधीकधी दिसणाऱ्या सेंट जॉन्स वर्टचीही २००८ साली ५४ मुलांवर चाचणी झाली होती. तीही निष्फळ ठरली, आणि ही वनस्पती इतर अनेक औषधांच्या परिणामात ढवळाढवळ करते.

याच कंपनीची ‘रात्रीची’ आवृत्तीही मिळते, तिच्यात मेलाटोनिन हे झोपेशी संबंधित संप्रेरक आहे. एडीएचडी असलेल्या ज्या मुलांना झोप उशिरा लागते, त्यांना मेलाटोनिनने लवकर झोप लागते, याला चाचण्यांचा आधार आहे. त्याने दिवसाचे वर्तन सुधारते, याला नाही. अडचण आहे ती तक्त्यावर विश्वास ठेवण्याची. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील तपासणीत ३१ उत्पादनांमधील मेलाटोनिन छापील आकड्यापेक्षा ८३ टक्के कमी ते ४७८ टक्के जास्त, इतक्या टोकांना आढळले आणि त्यांतील २६ टक्के उत्पादनांत चक्क सेरोटोनिन हे दुसरेच संदेशवाहक रसायन सापडले. २०२३ साली अमेरिकेत २५ गमीज तपासल्या, तेव्हा २२ उत्पादनांची लेबले चुकीची निघाली. अमेरिकेतल्या १९९४ च्या कायद्यानुसार सप्लिमेंट बाजारात आणण्यापूर्वी त्याची परिणामकारकता सिद्ध करावी लागत नाही, ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली की हे आकडे आश्चर्यकारक वाटत नाहीत. स्वतंत्र प्रयोगशाळेने तपासल्याचा शिक्का आमच्या डबीवर नव्हता.

आणि रंग. या गमीज सुरेख नारिंगी आहेत आणि घटकांच्या यादीच्या शेवटी ‘सनसेट यलो’ आहे. साउदम्प्टन विद्यापीठाने २००७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत तीन वर्षांची आणि आठ-नऊ वर्षांची, सर्वसाधारण लोकसंख्येतली मुले होती, कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणाने त्यांच्या अतिचंचलतेत सरासरीने थोडी वाढ दिसली. त्यानंतर जुलै २०१० पासून युरोपीय संघात सहा रंगांसाठी ‘मुलांची चंचलता आणि लक्ष यांवर विपरीत परिणाम होऊ शकतो’ अशा आशयाची सूचना छापणे बंधनकारक झाले. त्या सहांत सनसेट यलो आहे. २०१३ च्या ज्या आढाव्यात मेदाम्लांना ०.१६ मिळाले, त्यातच कृत्रिम रंग वगळण्याच्या उपायाला त्याच कठोर कसोटीवर ०.४२ मिळाले होते. हा लाभ बहुतांशी आधीच अन्नाची संवेदनशीलता असलेल्या मुलांपुरता असावा, अशी पुस्ती आढावाकारांनी जोडली आहे. म्हणजे या डबीतील तेलापेक्षा तिच्यातला रंग काढून टाकण्याच्या बाजूने पुरावा अधिक आहे. लक्ष वाढवण्याच्या गमीत नेमका हा रंग घालणाऱ्याने ते वाङ्मय वाचलेले नसावे, किंवा वाचून सोडून दिले असावे.

वापराबद्दल थोडे. चव गोड आणि शेवटी किंचित मासळीची. खाल्ल्यानंतर तासाभराने येणाऱ्या ढेकरांबद्दल मुलाची तक्रार होती, रात्रीच्या जेवणासोबत दिल्यावर ती कमी झाली. पोट बिघडले नाही. भूक, वजन, झोप यांत बदल जाणवला नाही. परिणाम मोजण्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने एक साधी व्यवस्था केली होती: लक्षणांचा तोच छापील तक्ता घरी आम्ही भरायचा आणि शाळेत वर्गशिक्षिकांनी भरायचा, मात्र मुलाला काही नवे सुरू केले आहे हे त्यांना सांगायचे नाही. घरच्या तक्त्यावर पहिल्या काही आठवड्यांत गुण चांगलेच सुधारले. ‘मध्येच उठतो’ या ओळीवर माझी खूण ‘नेहमी’वरून ‘कधीकधी’वर आली. वर्गशिक्षिकांच्या तक्त्यावर त्याच ओळीसमोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत ‘नेहमी’ राहिले, आणि समासात त्यांनी बारीक अक्षरात ‘विशेषतः शेवटच्या दोन तासांत’ असे लिहिले होते.

दोन तक्त्यांतली ही तफावत आमच्याच घरापुरती नाही. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, साखरेने आपला मुलगा चेकाळतो असे मानणाऱ्या मातांपैकी काहींना ‘मुलाला भरपूर साखर दिली आहे’ असे सांगितले गेले. प्रत्यक्षात ५ ते ७ वर्षांच्या त्या ३५ मुलांपैकी कोणालाच साखर दिलेली नव्हती. तरी साखरेचे ऐकलेल्या मातांनी मुलांना अधिक चंचल ठरवले आणि त्या मुलांशी वागतानाही त्या अधिक टोकणाऱ्या, अधिक जवळ राहणाऱ्या झाल्या. अपेक्षा नजरेत शिरते आणि मग वागण्यातही उतरते. सप्लिमेंटच्या बाबतीत तीच गोष्ट उलट दिशेने घडत असणार. त्यात आणखी एक भर अशी की, पालक नवा उपाय शोधतात तो लक्षणे अगदी टिपेला पोहोचल्यावर. त्यानंतर ती थोडी खाली येणे हे बऱ्याचदा उपायाविनाच होते. ‘आमच्या मुलाला फरक पडला’ असे सांगणारे पालक खोटे बोलत नाहीत. फक्त, तो फरक गमीमुळे पडला हे त्यांच्या अनुभवावरून ठरवता येत नाही आणि माझ्या अनुभवावरूनही नाही.

या उत्पादनाला पाचपैकी एक तारा देतो आणि तो तक्त्यात ईपीए व डीएचए वेगळे छापल्याबद्दल आहे. तेवढेही न करणारी उत्पादने पाहिली आहेत. खास मिश्रणाची गोपनीयता, नारिंगी रंग, सहज उघडणारे झाकण आणि प्रत्येक घटकाचा चिमूटभर डोस, यांपैकी कोणतीही एक गोष्ट मला डबी परत ठेवायला पुरेशी वाटली असती. सप्लिमेंट द्यायचेच असे ज्यांनी ठरवले आहे, त्यांनी एका वेळी एकच घटक असलेले, स्वतंत्र तपासणीचा शिक्का असलेले, रंगाविना असलेले उत्पादन घ्यावे आणि त्याचे नाव व डोस डॉक्टरांच्या कागदावर लिहून घ्यावा, म्हणजे परिणाम झाला तर कशाचा आणि त्रास झाला तर कशामुळे, हे सांगता येईल. मूल आहार अतिशय मोजका घेत असेल, औषधाने भूक मेलेली असेल किंवा झोपेत पाय सारखे हलत असतील, तर गमीज आणण्याआधी फेरिटिनची तपासणी करून घ्यावी. कमतरता निघाली तर लोहाचा डोस डॉक्टर वजनानुसार ठरवतील आणि काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासतील. सहा वर्षांखालील मुलांसाठी अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सची २०१९ ची सूचना पालकांच्या वर्तन-प्रशिक्षणाला पहिली पसंती देते. तेही घरी करून पाहण्यासारखे आहे, पण त्याची जाहिरात नारिंगी डबीवर कोणी छापत नाही.